भोक बुजायची वाट पाहू नका, आबा

पत्र :

डॉक्टरबाई, नमस्कार. मी करवीर तालुक्यातला शेतकरी, वय ६३. आमची नात सव्वा महिन्याची आहे. जन्मली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होती, आता ३ किलो १०० आहे. दूध ओढता ओढता मधेच थांबते, कपाळ घामानं भिजतं, पोट भात्यासारखं हलतं. गावातल्या डॉक्टरांनी आधी कफ म्हणून औषध दिलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी पायाला रक्तातला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावला, ८६ आकडा आला, तसं त्यांनी कोल्हापूरला धाडलं. तिथं इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कागदावर ‘टीएपीव्हीसी, सुप्राकार्डियाक, अनऑब्स्ट्रक्टेड’ असं लिहिलंय. शिरा चुकीच्या जागी जोडल्यात, लगेच पुण्या-मुंबईला न्या, ऑपरेशन लागेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, एवढ्याशा जिवाला फाडू नका, पाच किलोची तरी होऊ द्या. शेजारच्या पोराच्या हृदयाला भोक होतं, ते दोन वर्षांत आपोआप बुजलं. इचलकरंजीला लेकीच्या थोरल्या दिराला असाच शिरांचा आजार निघाला, त्यांचं ऑपरेशन ४२व्या वर्षी झालं आणि आज ते यंत्रमाग चालवतात. ऊस रानात उभा आहे, बिल यायला दोन-अडीच महिने लागतील. तोवर थांबलं तर चालेल का? सून माझ्या मेव्हण्याचीच मुलगी. नात्यातल्या लग्नामुळं झालं का तिनं ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं, यावरनंही घरात बोलणी होतात. बारसंही राहिलंय. काय करावं?
– एक आजोबा

उत्तर :

आबा, पत्रावर तुमचा नंबर होता, म्हणून मुद्द्याचं तुम्हाला फोनवर सांगून झालंय. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शेवटी “बघतो” म्हणालात. या जिल्ह्यात चाळीस वर्षं बाळं तपासण्यात गेली माझी, ‘बघतो’चा अर्थ मला कळतो. तेव्हा हे उत्तर तुमच्यासाठी कमी आणि तुमच्या घरातल्या दुसऱ्या तटासाठी जास्त आहे. आजींना मोठ्यानं वाचून दाखवा.

थांबू नका. पाच किलोसाठी नको, बिलासाठी नको, भोक बुजेल म्हणून तर मुळीच नको. का ते सांगते.

तुम्ही उसाला दारं धरणारे, म्हणून पाण्याच्याच भाषेत बोलू. अंगभर फिरून आलेलं, प्राणवायू संपलेलं रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं आणि तिथून फुप्फुसांत जातं. तिथं ते ताजं होतं आणि चार शिरांवाटे, दोन उजव्या फुप्फुसातल्या आणि दोन डाव्या, हृदयाच्या डाव्या कप्प्यात उतरतं. डाव्या बाजूनं पुढं मेंदूला, हातापायांना, सगळ्या रानाला. चार पाट आणि त्यांचं एक ठरलेलं शेत, असं समजा.

तुमच्या नातीचे चारही पाट त्या शेतात उघडलेच नाहीत. ते हृदयाच्या पाठीमागं एका हौदात जमतात. त्या हौदातून एक उभी शीर निघते, मानेच्या दिशेनं वर चढते, तिथल्या मोठ्या शिरेला मिळते, आणि सगळं ताजं रक्त वळसा घालून परत उजव्याच कप्प्यात येऊन पडतं. हृदयाच्या वरून वळसा, म्हणून कागदावर ‘सुप्राकार्डियाक’. या आजाराची जवळजवळ निम्मी बाळं याच प्रकारची असतात. काहींत शिरा थेट उजव्या बाजूला उघडतात, काहींत त्या पोटात उतरून यकृताकडे जातात आणि थोड्यांत चार पाटांची चार तोंडं होतात.

म्हणजे उजव्या कप्प्यात ताजं आणि वापरलेलं पाणी एकत्र. चिमट्यावरचा ८६ हा आकडा त्या मिसळलेल्या पाण्याचा आहे. धडधाकट बाळात तो ९५ किंवा त्याच्या वर असतो. ८६ला बाळ निळं दिसेलच असं नाही, सावळ्या कातडीवर तर डॉक्टरही फसतात. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला चिमटा लावला, त्यांचे आभार माना. पहिल्या खेपेला कफ म्हणाले म्हणून राग धरू नका. त्याचं कारण पुढं सांगते.

आता प्रश्न असा पडतो, की ताजं रक्त डावीकडं जातच नाही, तर बाळ सव्वा महिना जगलं कसं? भोकामुळं, आबा! उजव्या आणि डाव्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला एक भोक आहे, त्यातून थोडं मिसळलेलं रक्त डावीकडं झिरपतं आणि तेवढ्यावर सगळं अंग चाललंय. शेजारच्या पोराचं भोक हाच त्याचा आजार होता, ते बुजलं आणि पोर बरं झालं. तुमच्या नातीचं भोक ही तिची एकुलती एक वाट आहे. ते उद्या बुजलं तर काय होईल, हे लिहायचीही माझी इच्छा नाही. आजी देवापुढं बसून भोक बुजू दे म्हणत असतील तर त्यांना थांबवा. देवीनं मनावर घेतलं तर पंचाईत.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं कामच करत नाहीत, प्राणवायू नाळेतून येतो, म्हणून तिथं या चुकीच्या जोडणीनं काही बिघडलं नाही. ती २ किलो ८०० ग्रॅमची, छान गुटगुटीत जन्मली. बिघाड सुरू झाला तो नाळ कापल्यावर. सोनोग्राफीत का नाही दिसलं, असं सूनबाईंच्या माहेरचे विचारत असतील, तर पोटातल्या बाळाच्या या शिरा इतक्या बारीक आणि त्यातून रक्तही इतकं कमी जातं, की भल्याभल्यांकडून हा आजार निसटतो.

‘अनऑब्स्ट्रक्टेड’ हा तुमच्या कागदावरचा सगळ्यात चांगला शब्द. वर चढणारी शीर कुठं दबलेली नाही, पाटाला तुंबारा नाही. तो असता तर पाणी मागं फुप्फुसांत तुंबलं असतं आणि बाळाला त्याच दिवशी टेबलावर घ्यावं लागलं असतं. तो नाही म्हणून तुम्हाला पत्र लिहायला सवड मिळाली. पण या शब्दानं मिळालेली सवड काही दिवसांची आहे, उसाच्या हंगामाची नाही. तुंबारा नसला तरी उजव्या बाजूवर दुप्पट-तिप्पट पाण्याचा लोंढा पडतोय, तो पुन्हा पुन्हा फुप्फुसांत जातोय आणि फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांचा दाब चढतोय. ऑपरेशन झालं नाही तर या आजाराची बहुतेक बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत.

पाच किलोचं बोलू. चांगलं पिणारं बाळ पहिल्या दहा दिवसांनंतर रोज २५-३० ग्रॅम वाढतं. त्या हिशेबानं तुमच्या नातीचं वजन आतापर्यंत पाऊण किलोनं वाढायला हवं होतं. वाढलंय तीनशे ग्रॅम. कारण जे दूध पोटात जातं ते सगळं श्वास ओढण्यात जळतं. कपाळावरचा घाम त्याचाच. दूध ओढणं हा तिच्यासाठी आखाड्यातला जोर आहे. बैठका मारत मारत कुणी अंगावर मांस चढवू शकतं का? वजन वाढलं की ऑपरेशन, ही गोष्ट इथं उलटी आहे. ऑपरेशन झालं की वजन वाढतं. तीन-सव्वातीन किलोच्या बाळाचं हे ऑपरेशन होतं, अडीच किलोच्याही बाळाचं होतं. उलट दोन महिने थांबून ती एखाद्या न्यूमोनियात सापडली तर त्याच ऑपरेशनचा धोका वाढतो.

लेकीच्या दिरांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते चुकीचं नाही, पण त्यांचा आजार हा याच घराण्यातला सौम्य भाऊ. त्यांच्या चारपैकी एखादी, फार तर दोन शिरा भरकटलेल्या असणार. बाकीच्या शिरा डावीकडंच उघडतात, म्हणून अंगाला ताजं रक्त मिळत राहतं. अशी माणसं शाळा शिकतात, लग्न करतात, माग चालवतात, आणि तिशी-चाळिशीत दम लागायला लागला किंवा छातीत धडधडलं की इकोत ते सापडतं. बहुतेकदा उजव्या फुप्फुसाची वरची शीर वरच्या मोठ्या शिरेत घुसलेली असते आणि पडद्यात वरच्या अंगाला एक भोकही असतं. त्याची ऑपरेशनंही वेगळी. एका पद्धतीत ती मोठी शीर वरच्या बाजूला तोडून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या कानासारख्या टोकाला नव्यानं जोडतात आणि भरकटलेल्या शिरेचं पाणी आतून पडदा लावून भोकावाटे डावीकडं वळवतात. अजून एक दुर्मिळ भाऊबंद आहे. त्यात उजव्या फुप्फुसाची शीर वाकडी होऊन खालच्या मोठ्या शिरेत उतरते आणि एक्स-रेवर तिची सावली बाकदार तलवारीसारखी दिसते, म्हणून त्या आजाराला नावच तलवारीचं पडलंय. या सगळ्यांत कधी थांबता येतं, कधी ऑपरेशन लागतही नाही. तुमच्या कागदावरच्या ‘टी’चा अर्थ ‘टोटल’, म्हणजे सगळ्या शिरा. त्या एका अक्षरात ४२ वर्षं आणि दोन महिने यांचा फरक आहे.

आता तो राग न धरण्याचा विषय. मी नवी नवी दवाखाना टाकून बसले होते तेव्हा एक अडीच महिन्यांचं बाळ तीनदा माझ्याकडं आलं. तिन्ही वेळा मी न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं दिली. दवाखान्यात ना चिमटा होता ना इको, एक्स-रेवर सगळी भिस्त. चौथ्यांदा ते आलं तेव्हा एक्स-रेवर हृदयाची सावली आठच्या आकड्यासारखी दिसली. आपला मराठी आठ नव्हे, इंग्रजी, एकावर एक दोन गोळे. पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मुंबईला पाठवलं, पण बाळ पोचलं नाही. ती आई पुढं तिच्या दुसऱ्या मुलाला घेऊन माझ्याकडंच येत राहिली, मला एका शब्दानं बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं. तेव्हापासून घामेजलेल्या कपाळाचं बाळ दिसलं की मी आधी पाय पकडते आणि चिमटा लावते.

ऑपरेशनात काय करतात? आजींना ‘फाडणं’ या शब्दाची भीती आहे, तर त्यांना नीट सांगा. छातीच्या मधलं हाड उघडतात. बाळाचं रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतात, अंग थंड करतात, आणि हृदय औषधानं शांत करून थांबवतात. हो, थांबवतात. १९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी असं यंत्र वापरून एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक पहिल्यांदा यशस्वीपणे शिवलं. आता तीन किलोच्या बाळांसाठी त्याच यंत्राचे छोटे भाग मिळतात. मग सर्जन हृदय जरा बाजूला सारतात आणि पाठीमागचा तो हौद शोधतात. गंमत अशी, की हौद डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीला पाठ लावून असतो. मधे फक्त दोन भिंती. सर्जन हौदाला एक लांब चीर देतात, डाव्या कप्प्याला तशीच चीर देतात, आणि दोन्हींचे काठ केसासारख्या बारीक दोऱ्यानं शिवून रुंद दार करतात. दारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत घेता ना, तेच! मग इतके दिवस जगवणारं भोक शिवतात, बहुतेकदा बाळाच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून. वर चढणारी शीर सहसा बांधून टाकतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण अवघड भाग त्यानंतरचा असतो. डावी बाजू इतके दिवस अर्ध्या पाण्यावर होती, तिला एकदम पूर्ण पाणी झेपायला वेळ लागतो. फुप्फुसांतल्या नळ्या चिडक्या झालेल्या असतात, त्या अचानक आवळल्या तर बाळ बिघडतं. म्हणून तिला काही दिवस झोपेच्या औषधावर आणि व्हेंटिलेटरवर ठेवतील. नाकातोंडात नळ्या, छातीतून दोन नळ्या, पोटावर बारीक तारा. कधी कधी सूज उतरेपर्यंत छाती एक-दोन दिवस उघडी ठेवून वर पातळ पडदा लावतात. हे पाहून सूनबाई काचेबाहेर कोसळतील. आधी सांगून ठेवलंत तर कमी कोसळतील. सगळं ठीक गेलं तर दोन-तीन आठवड्यांत घर.

धोका किती, हे फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत. अनुभवी केंद्रात, तुंबारा नसलेल्या प्रकारात, शंभरातली नव्वदहून जास्त बाळं बरी होऊन घरी जातात. शंभरातली शंभर नाही, तेवढं मी खोटं बोलणार नाही. आणि साधारण दहातल्या एका बाळात त्या शिवलेल्या दाराशी किंवा शिरांच्या तोंडाशी पुन्हा आवळण येते, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. तेव्हा पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. म्हणून पहिल्या वर्षाचे इको चुकवायचे नाहीत, बाळ कितीही बाळसेदार दिसो. ते वर्ष पार पडलं की शाळा, खेळ, रंकाळ्यावर पळणं, सगळं इतर पोरींसारखं. मधूनमधून तपासणी मात्र आयुष्यभर.

कुठं न्यायचं? जिथं बाळांच्या हृदयाची ऑपरेशनं रोजचं काम आहे तिथं. मोठ्यांच्या बायपाससाठी गाजलेलं रुग्णालय वेगळं आणि हे वेगळं, यात लोक फार फसतात. फोनवर तीन गोष्टी विचारा. तीन महिन्यांखालच्या बाळांची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? बाळांचा वेगळा हृदय-आयसीयू आहे का? फुप्फुसांचा दाब उतरवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आहे का? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस गोंधळला तर फोन ठेवा. तुमच्या कोल्हापूरच्या इकोवाल्या डॉक्टरांनाच थेट तिथल्या डॉक्टरांशी बोलायला लावा. डॉक्टरचा डॉक्टरला फोन गेला की खाट लवकर मिळते, हे कुठं छापलेलं नसतं.

आणि पैशाचं. अर्धा एकर विकायचा किंवा सावकाराकडं जायचा विचार आहे, असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात. आत्ता ते करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, १५५३८८ या नंबरवरही माहिती मिळते. बाळाचं नाव शिधापत्रिकेवर नाही म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर जन्मदाखला आणि आईबापाची कागदपत्रं दाखवून आरोग्यमित्रांशीच बोला. दुसरी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयरोग धरलेला आहे. तुमच्या आशाताईंना आज संध्याकाळी घरी बोलवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. तिसरी, नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे, तिथं उपचारांचे पैसेच घेत नाहीत. तिथं नंबर लागायला किती दिवस, ते आधी विचारा. तुमच्याकडं दिवस कमी आहेत. याशिवाय धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. हे सगळं मुलानं मोबाइलवर बसून दोन दिवसांत करायचं काम आहे. उसाचं बिल येईल तेव्हा येईल, ते मुंबईतल्या खोलीभाड्याला आणि जेवणाखाण्याला कामी येईल.

निघेपर्यंत घरी कसं सांभाळायचं, ते थोडक्यात. थोडं थोडं आणि वरचेवर पाजा. ओढून दमली तर आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं. गुटी नको, मध नको. शेक-शेगडी आणि वेखंड-ओव्याची धुरी तर आजपासून बंद, तिच्या फुप्फुसांना धूर सोसणार नाही. डॉक्टरांनी लघवी होण्याचं औषध दिलं असेल तर एकही वेळ चुकवू नका. शेजाऱ्यांकडचा ऑक्सिजन सिलिंडर आणून लावू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिलेल्या ऑक्सिजननं या आजारात फुप्फुसांकडं जाणारा लोंढा आणखी वाढू शकतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, ती झोपलेली असताना. साठच्या वर गेला, दूध निम्म्याहून कमी झालं, ओठ निळे-राखाडी पडले, हातपाय गार पडले, कण्हल्यासारखा आवाज आला किंवा बाळ हलवूनही नीट जागं होईना, तर ठरलेली तारीख बघत बसू नका. १०८ बोलवा आणि कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा नवजात बाळांचा आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. पुढचा प्रवास तिथून.

सूनबाईंबद्दल लिहिताना मला जरा राग येतोय, तो गिळून लिहिते. फुप्फुसांच्या शिरा हृदयाला जोडल्या जातात त्या गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या आठवड्यात. तेव्हा बाईची पाळी नुकती चुकलेली असते, बहुतेकींना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. हृदयातून एक कोंब निघून फुप्फुसांच्या शिरांना गाठायचा असतो. तो पोचला नाही की त्या शिरा जुन्या, तात्पुरत्या वाटा धरून बसतात. कुठलं ग्रहण आणि कुठली पपई! नात्यातल्या लग्नाचं खरं विचाराल तर जवळच्या नात्यात जन्मजात हृदयरोगाचं प्रमाण काहीसं जास्त आढळतं, हे खरं आहे. पण तुमच्या नातीचा आजार त्यामुळंच झाला असं कुणालाही सांगता येणार नाही. बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही. आणि मामाची मुलगी करायची हे ठरवलं कुणी? बैठकीत सुपारी फोडायला तुम्ही आणि तुमचे मेव्हणे बसला होता, ती पोर नव्हती. घरात पुढं पाळणा हलेल तेव्हा १८-२० आठवड्यांना पोटातल्या बाळाच्या हृदयाचा खास इको करून घ्या. जन्मजात हृदयरोग असलेल्या बाळाच्या पाठच्या भावंडात शंभरात दोन-तीन एवढी शक्यता असते, म्हणजे सत्त्याण्णव बाळं चांगली.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला टोचली. आजी “एवढ्याशा जिवाला” म्हणतात ती माया आहे, मला त्यात शंका नाही. तरी विचारते, नातू असता तर उसाच्या बिलाचा हिशेब पत्रात आला असता का? आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली निघाल्या होत्या. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक आजोबांना विचारते, तुम्हाला एकट्याला नाही. रागावलात तरी चालेल. तुम्ही पत्र लिहिलंत, नंबर दिलात, यातच अर्धं उत्तर आहे असं मी धरून चालते.

बारशाचं. आजच करा, संध्याकाळी. घरचे पाच-सहाजण, पाळणा नसेल तर सूप चालेल, घुगऱ्या शेजारी वाटा पण शेजाऱ्यांना आत गर्दी करू देऊ नका, सर्दीवाला तर उंबऱ्याबाहेरच. आत्याला इचलकरंजीहून यायला जमलं नाही तर तिनं फोनवर नाव घ्यावं. जोतिबाचा नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला, फेडायला मात्र टाके भरल्यावर जा, पोर काखेत घेऊन. नाव ठेवल्याचा एक फायदा असा, की रुग्णालयात सगळ्या कागदांवर ‘बेबी ऑफ’ म्हणून सुनेचं नाव लागतं आणि एका मजल्यावर तशी दहा बाळं असतात. तिचं स्वतःचं नाव असलं की सिस्टर नावानं हाक मारतात.

मुलाला म्हणावं, रक्तगट जुळणारे चार मित्र तयार ठेव, रक्त लागेल. लस देणाऱ्या ताईंना सांगा की ऑपरेशन होणार आहे. दीड महिन्याच्या लसी आणि नंतर गोवराची लस कधी द्यायची, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, कारण रक्त दिल्यावर गोवराची लस काही महिने पुढं जाऊ शकते. गाडीत दर दोन तासांनी थांबून पाजा, खंबाटकीच्या आधी एकदा. पिशवीत जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार, वजनाचं कार्ड. इकोच्या छापील कागदाबरोबर त्याची सीडीही मागून घ्या, तुम्ही फोनवर म्हणालात ती दवाखान्यातच राहिली आहे. सर्जन आधी तीच मागतात.